वीसले दुसरा, तीसले तिसरा

मोटार चालवायला शिकवणाऱ्या मंडळींशी माझे भांडण आहे. ते खाजगी असते तर दिवाळी अंकाची पाने मी त्यापायी खर्ची घातली नसती. चकलीच्या ताटाशेजारी पडणाऱ्या या अंकात क्लच आणि गिअर कशाला, असे घरोघरच्या गृहिणी विचारतील, हेही मला ठाऊक आहे. पण याच दिवाळीत अंगणातल्या मोटारी बाहेर निघणार. भाऊबीजेसाठी वाशीमची माणसे अकोल्याला, कारंज्याची अमरावतीला, रिसोडची मेहकरला धावणार. आणि त्याच रस्त्यांवरून सोयाबीनने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या बाजार समितीकडे निघालेल्या असणार. तेव्हा हा विषय काढायला याहून बरा मुहूर्त मला दिसत नाही.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे नायक मोटारीत बसून 'भरधाव निघून गेले' असे मी आजवर बेधडक लिहीत आलो. पण एकाही नायकाने कधी गिअर बदलल्याचे मला आठवत नाही. चाळिशी उलटल्यावर मी एक जुनी मोटार घेतली आणि रीतसर शिकायला गेलो, तेव्हा कळले की भरधाव निघण्याआधी माणसाला पुष्कळ काही करावे लागते, आणि ते का करावयाचे हे शिकवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पहिल्याच सकाळी गाडी तीनदा बंद पडली आणि चौथ्यांदा बेडकासारखी उड्या मारीत निघाली. मी विचारले, "दुसरा गिअर नेमका केव्हा टाकायचा?" शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "सर, तुमी इचार काहून करता? वीसले दुसरा, तीसले तिसरा, चाळीसले चवथा, पन्नासले पाचवा. पाठ करून टाका."

पाठ करून टाका! वीस वर्षे मी वर्गात ज्या रोगाशी झगडतो आहे, तो मोटारीच्या पुढच्या आसनावर माझ्या शेजारी बसलेला मला भेटला. बेरीज का करायची ते कळले नाही तरी चालेल, उत्तर पाठ करा. आणि या शाळेत तर आणखी एक मौज असते. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणारा चुकला की शेजारचा पाय मुकाट्याने काम करून टाकतो. म्हणजे माझ्या पायाखालचा क्लच मानाचा आणि खरा क्लच त्यांचा! पंधरा दिवस गाडी छान चालली. सोळाव्या दिवशी मी माझ्या मोटारीत एकटा बसलो, तेव्हा लक्षात आले की आजवर गिअर मी बदललेच नव्हते.

आता हा 'वीसले दुसरा'चा मंत्र खोटा का, ते सांगतो. वाचकहो, कंटाळू नका. यात सातवीच्या त्रैराशिकापलीकडे काही नाही. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये दातेरी चाकांची जोडी असते. खालच्या गिअरला इंजिनाने पुष्कळ फेरे घ्यावेत तेव्हा चाक थोडे फिरते, पण जोराने फिरते. वरच्या गिअरला इंजिनाचे थोडे फेरे पुरतात, पण जोर कमी पडतो. एखाद्या लहान मोटारीचा ठोकळ हिशेब घ्या. ताशी ३० किलोमीटर वेगाने ती दुसऱ्या गिअरमध्ये चालली असेल, तर इंजिन मिनिटाला सुमारे २२०० फेरे घेते. त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे १५०० पुरतात. म्हणजे तुम्ही दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलात की इंजिनाला ७०० फेरे खाली उतरावे लागते. उलट तिसऱ्यातून दुसऱ्यात आलात की तेवढेच वर चढावे लागते. चाकांचा वेग त्या क्षणी बदलत नाही. बदलावे लागते ते इंजिनाला.

गिअर बदलताना जो झटका बसतो, त्याचे सारे मूळ एवढ्यातच आहे. क्लच दाबला की इंजिन चाकांपासून सुटते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की त्याचे फेरे हळूहळू उतरू लागतात. ते पंधराशेच्या आसपास आले की क्लच सोडावा. इंजिन आणि चाके एकमेकांना अशी भेटतात की मागे झोपलेल्या पोराला कळतही नाही. फेरे उतरण्याआधी क्लच सोडला तर गाडी पुढे हिसका मारते. फार वेळ थांबला, फेरे पार खाली गेले, तर गाडी मान खाली घालते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढलाच नाही तर इंजिन सुटलेल्या वळूसारखे ओरडते. आणि या प्रत्येक चुकीची किंमत क्लचप्लेट भरते, कारण दोघांच्या वेगातला फरक तिला घासून घासून मिटवावा लागतो. खालच्या गिअरमध्ये येताना हेच सगळे उलटे. तिथे क्लच दाबलेला असताना ॲक्सिलरेटरला एक हलकासा टेका द्यावा, इंजिनाला वर चढू द्यावे, मग क्लच सोडावा. हा टेका देण्याबद्दल माझ्या शिक्षकमहाशयांनी महिनाभरात एक अक्षर काढले नाही.

मग वीस, तीस, चाळीस हे आकडे कुठून आले? सपाट रस्ता, रिकामी गाडी आणि एकच एक मोटार धरून कोणीतरी काढलेली ती सरासरी आहे. चढावर, गाडीत पाच माणसे आणि डिकीत गव्हाचे पोते असताना, चाळीसला चवथा टाकून पाहा. सारी गाडी हिव भरल्यासारखी थरथरते. ती थरथर हेच इंजिनाचे उत्तर असते. पण आपल्याला काट्याकडे पाहायला शिकवलेले, कानाने ऐकायला नाही.

कानाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला गेली. आमच्या वऱ्हाडात ती पुढे आली. माझ्या लहानपणीच्या तांबड्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, लोखंडी झाकणाखाली असे. अकोल्याहून येताना पातूर सोडल्यावर घाट लागायचा, आणि मी हट्टाने पुढची जागा धरून बसायचो. त्या जड गाड्यांचे गिअर आजच्यासारखे आज्ञाधारक नव्हते. आतल्या दात्यांचे वेग जुळवून देणारी सोय अमेरिकेतल्या कॅडिलॅक मोटारीत १९२८ सालीच आली होती, पण जुन्या अवजड गाड्यांना ती सहसा नसे. तिथे ड्रायव्हर क्लच दाबी, गिअर मोकळा करी, क्लच सोडी, इंजिनाला एक हुंकार देई, पुन्हा क्लच दाबी आणि मग खालचा गिअर टाकी. हुंकार नेमका पडला तर दांडा लोण्यात सुरी जावी तसा जाई. चुकला तर असा खरखराट होई की कंडक्टरसुद्धा तिकिटे फाडायची थांबे. त्या ड्रायव्हरपुढे फेरे दाखवणारा काटा नव्हता आणि त्याला त्रैराशिकही येत नसेल. त्याला इंजिनाचा आवाज येत होता. एवढे त्याला पुरत होते, आणि मागे बसलेल्या पन्नासांनाही.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही जुन्याचे पोवाडे गाता. तसे नाही. उलट जुन्या मंडळींवरच माझा दुसरा आक्षेप आहे.

आमच्या शाळेत एक बाई आहेत. प्रार्थनेला पेटी त्याच वाजवतात. त्यांच्या घरी नवी कोरी मोटार आली आणि त्या शिकायला लागल्या. गाडी झटके मारू लागली. घरच्या वडीलधाऱ्यांनी तीस वर्षे मोटारी चालवलेल्या, ते शेजारी बसून म्हणू लागले, "पाय उचलला का? उचलला असता तर इंजिन कशाला ओरडलं असतं?" बाई म्हणत, उचलला. ते म्हणत, नाही उचलला. शिकवणारेही म्हणाले, "म्याडम, तुमचा पाय जड आहे." पाचव्या दिवशी घरात निकाल लागला की हे बायकांचे काम नव्हे, आणि मोटारीच्या किल्ल्या खुंटीला लागल्या.

बाईंनी पाय उचलला होता. खोटे बोलत होती ती मोटार. जुन्या मोटारीत ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत एक तार असे. पाय उचलला की हवेची झडप फटकन मिटे आणि फेरे लगेच पडत. नव्या मोटारीत ती तारच नाही. पाय फक्त निरोप देतो आणि झडप किती व कशी मिटवायची हे संगणक ठरवतो. झडप एकदम मिटली तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण बिघडते आणि न जळलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर पडते. १ एप्रिल २०२० पासून देशभर 'भारत स्टेज ६' हे धुराचे कडक नियम लागू झाले. अशा नियमांच्या धाकाने बऱ्याच गाड्यांत झडप सावकाश मिटवतात. परिणाम असा की पाय उचलूनही इंजिनाचे फेरे क्षणभर तिथेच रेंगाळतात, कधी कधी तर किंचित वरही जातात. शहाण्यासुरत्या माणसाला वाटावे की आपलाच पाय राहिला. धूर कमी व्हावा म्हणून केलेली ही योजना आहे आणि तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो ही गोष्ट शिकणाऱ्याला कोणी सांगत नाही याचा. तीस वर्षांचा अनुभव ज्या यंत्रावर कमावला ते यंत्र बदलले, तरी दोष मात्र नव्या पायाचा, आणि तो पाय बाईचा असला तर विचारायलाच नको!

एका रविवारी बाईंचे यजमान आणि मी, आम्ही दोघे त्यांना घेऊन रिसोड रस्त्याला गेलो. शिकाऊ परवाना होता, पुढेमागे तांबडा 'एल' लावलेला होता. मी एवढेच सांगितले की काट्याकडे बघू नका, आकडे विसरा. क्लच दाबण्याच्या किंचित आधी ॲक्सिलरेटर सोडा, म्हणजे चाकेच इंजिनाला थोडे खाली ओढतील. मग गिअर टाका आणि आवाज उतरेपर्यंत क्लचवर पाय धरून ठेवा. उतरला की सोडा. दोनतीनदा झटका बसला. मग बाई म्हणाल्या, "सर, हा पंचमावरून षड्जावर येतो." मला गाण्यातले फारसे कळत नाही. घरी येऊन मी हिशेब केला. २२०० ला १५०० ने भागले की जवळजवळ दीड येते, आणि पंचम हा षड्जाच्या दीडपट असतो, असे बाईंनीच मागाहून सांगितले. त्या दिवशी त्यांनी जाऊन येऊन वीस किलोमीटर गाडी चालवली. ज्या कानाने त्या रोज दोनशे पोरांचा बेसूर पकडतात, तो कान पाच दिवस मोटारीत नुसता बसवून ठेवला होता.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. झटके बसतात, क्लचप्लेट जळते, ते एक वेळ सोडून देऊ. पैशांचे नुकसान आहे. पण ज्याला इंजिन आणि चाके यांचे नाते कळलेले नाही, तो उतारावर एक गोष्ट हमखास करतो. तो गाडी न्यूट्रल करतो.

वाशीमहून अकोल्याला जाताना मालेगाव, मेडशी मागे पडली की रस्ता पातूरकडे उतरू लागतो. आता तो रुंद झाला आहे, पण रुंद झाल्याने उतार कमी होत नाही. इथे गाडीत बसलेला कोणीतरी मामा किंवा मेहुणा म्हणतोच म्हणतो, "न्यूट्रल मार, पेट्रोल वाचेल." मी या वाक्याचा उभा वैरी आहे. कार्बोरेटरच्या जमान्यात यात थोडे तथ्य असेल. आजच्या मोटारीत ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच उतरत असाल, तर संगणक इंजिनाला पेट्रोल देणेच बंद करतो. इंजिनाला चाके फिरवत असतात. न्यूट्रल केलेत की इंजिन जिवंत ठेवायला त्याला पुन्हा पेट्रोल पाजावे लागते. म्हणजे मामांच्या सल्ल्याने वाचत काहीच नाही, उलट जाते. कोणी महाभाग तर इंजिनच बंद करतो. मग ब्रेकला मिळणारी मदत दोनचार दाबांत संपते, आणि पेडल दगडासारखे होते.

पण पेट्रोलही गौण आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की इंजिन चाकांना मागे धरून ठेवते. चढावर जो गिअर लागला असता तोच उतारावर ठेवावा, असे जुने ड्रायव्हर सांगत ते याचसाठी. न्यूट्रलमध्ये हा धरणारा हातच सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले की ते तापतात; फार तापले की पकड सोडतात. मग वृत्तपत्रात येते, 'ब्रेक निकामी झाल्याने'. ब्रेक निकामी होण्याआधी गिअर निकामी केला होता का, हे त्या बातमीत कधी नसते. आणि समजा, अर्ध्या उतारावर चालकाला शहाणपण सुचले, तरी गाडी सत्तरवर आणि इंजिन नुसते घुमते आहे. आता दुसरा गिअर टाकायचा तर इंजिनाला किती वर न्यावे लागेल? ज्याला तो टेका शिकवलाच नाही, त्याने ते त्या क्षणी कुठून शिकावे?

ट्रॅक्टरचे तर बोलूच नये. ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. मागचे ते सारे सोयाबीन उतारावर पुढच्या ट्रॅक्टरला ढकलत येते. अशा वेळी न्यूट्रल करणे म्हणजे बैलाची वेसण सोडून गाडीखाली निजणे. आणि गंमत अशी की इंजिनाचा आवाज ओळखण्यात आमच्या शेतकऱ्याचा हात कोणी धरणार नाही. काळ्या जमिनीत नांगराचा फाळ जरा खोल गेला की आवाज बसतो. तो बसण्याच्या आतच त्याचा हात नांगर उचलायला गेलेला असतो. माझ्या वर्गातल्या पोरांनासुद्धा, ज्यांनी ट्रॅक्टरवर बसू नये त्यांनासुद्धा, हे कळते. रानात एवढा तयार असलेला कान डांबरी रस्त्यावर आला की बंद का होतो? कारण रानात कोणी त्याला आकडे पाठ करायला लावले नव्हते.

सरकारने हे सगळे ओळखले नव्हते असे नाही. १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परवान्याच्या परीक्षेला चालकाने काय काय करून दाखवावे याची यादी आहे. उतारावर चटकन खालचा गिअर टाकता आला पाहिजे, हे तीत आहे. तीव्र चढावर थांबून, मागे न घसरता पुन्हा निघता आले पाहिजे, हेही आहे. नियम करणाऱ्याला नमस्कार. माझी परीक्षा झाली ते मैदान परातीसारखे सपाट होते. तिथे मी इंग्रजी आठाचा आकडा काढला, तोही पहिल्या गिअरमध्ये, आणि पास झालो. संपूर्ण परीक्षेत मी एकदाही वरून खालच्या गिअरमध्ये आलो नाही. मी मास्तर आहे. गणिताच्या पेपरात भागाकाराचे एकही गणित न घालता मी पोरांना पास केले असते, तर मला काय म्हटले असते?

माझी मागणी मोठी नाही. यादीत जे लिहिले आहे ते उतारावर नेऊन पाहा. शिकवणाऱ्याने निदान शेवटचे पाच दिवस आपले पाय आखडून बसावे. आणि चालू गाडीत एकदा काटा वहीच्या पुठ्ठ्याने झाकून, नुसत्या आवाजावर शिकणाऱ्याला गिअर बदलायला लावावे.

यावर मला एक उत्तर ठरलेले मिळते. "आता ऑटोमॅटिक आले, विजेच्या मोटारी आल्या. त्यांत क्लचच नाही. तुमचे भांडण दहा वर्षांत आपोआप मिटेल." मिटो बापडे. पण आमच्या जिल्ह्यात मोटार येते ती बहुधा दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या हातून. पुण्यामुंबईने आज टाकलेला गिअर मानोऱ्यात आणि मंगरूळपीरला पुढली कित्येक वर्षे फिरणार आहे. मालाचे टेंपो, ट्रॅक्टर हे तर त्याहून जुने जगतात. आणि क्लच नसलेल्या मोटारीलाही उतार असतो. तिच्यातही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते. ती कशाला दिली आहे हे ठाऊक असणारे मालक मी एका हाताच्या बोटांवर मोजीन. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला, तो आमच्या जिल्ह्यातूनच जातो. तिथे पाचवा गिअर टाकून माणसे तासन् तास बसतात, आणि गिअर बदलणे हा गावात शिरतानाचा पाच मिनिटांचा उपद्रव वाटू लागतो. उपद्रव वाटू लागलेली गोष्ट कोणी शिकत नाही.

गेल्या महिन्यात माझे ते गुरुजी मला चहाच्या टपरीवर भेटले. माणूस वाईट नाही. दिवसाला दहाबारा नवशिक्यांच्या हाती आपला जीव देतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. मी त्यांना हे सगळे सांगितले, पंचमाचेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "सर, तुमचं खरं असंन. पण परीक्षेत आवाज कोनी इचारत नाही."

समोर त्यांची गाडी उभी होती. चाकावर एक कॉलेजातली मुलगी बसली होती, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून. ते जाऊन शेजारी बसले. गाडी निघाली, दुसरा गिअर पडला, इंजिन ओरडले आणि गाडीने हिसका मारला. टपरीपर्यंत आवाज आला, "पाय! पाय उचला म्याडम!"